काळा चिखल, तांबडा चिखल

जो धंदा विकत घ्यायचा त्यात माणसाने आधी स्वतःचे हात भिजवावेत, हे व्यवहारातले सर्वांत मोठे सत्य आहे. मला ते सांगणारे माझे थोरले भाऊ, अण्णा, त्या वेळी खाटेवर पडून होते, आणि भिजवायचे हात माझे होते.

अण्णा धारवाड-हुबळी-नवलगुंद रस्त्यावर उतारूंची सर्व्हिस मोटार चालवत. अठरा वर्षे त्या रस्त्याची धूळ छातीत गेली आणि छाती बसली. डॉक्टरांनी मोटार बंद करायला सांगितले. अण्णांनी यावर तोड काढली. उणकलच्या तळ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून, एका म्हाताऱ्याचे मोटारी धुण्याचे आवार होते. एक विहीर, एक फरशी, एक चिंच. म्हाताऱ्याला सगळे अज्जा म्हणत. पाण्यात उभे राहून राहून त्याचे गुडघे गेले होते आणि दिवाळीनंतर आवार विकून तो गदगला लेकीकडे राहायला जाणार होता. ते आम्ही घ्यायचे, आणि अण्णांनी चिंचेखाली खुर्ची टाकून मोटारींच्या सोबतीत बसायचे. अण्णांना दिवाळीपर्यंत नेण्यासाठी ही खुर्ची पुरेशी आहे, असे मी मनाशी धरून बसलो होतो. डॉक्टरांकडे याहून बरे औषध नव्हते.

"पण आधी तीन महिने तू तिथं राब," अण्णा म्हणाले. "मी चालवत होतो. चालवणाऱ्याला धुणं कळत नाही."

मी हायस्कुलात संस्कृत शिकवत असे. श्रावणापासून मी पहाटे आवारात आणि अकराला वर्गात, असा क्रम सुरू झाला. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतले. श्रमाच्या प्रतिष्ठेवर त्यांचे महिन्यापूर्वीच मोठे भाषण झाले होते. ते भाषण माझ्याविषयी नव्हते, असे त्यांनी मला सौजन्याने समजावले.

पहिल्या दिवशी एका वकिलांची काळी मोटार आली. मी ओले फडके घेतले आणि गोल गोल फिरवू लागलो.

"मास्तर, फळा पुसताय काय?" अज्जा पायरीवरून म्हणाला.

मी थांबलो.

"त्या मातीत वाळू आहे. तुम्ही घासलं की वकील उद्या त्यात तोंड बघणार, आणि तोंडावर रेघा दिसणार. मग वकील तुमच्यावरच दावा लावणार."

त्यानंतर मी शिकलो. पाणी टपावरून सोडायचे आणि त्यालाच काम करू द्यायचे. धारवाडकडून, हल्याळकडून येणारी मोटार तांबड्या चिखलाची. तो वाळण्याआधी काढायचा, नाहीतर रंगाला डाग राहतो. नवलगुंदकडून येणारी काळ्या चिखलाची. तो खरवडायचा नाही, पाणी मारून भिजू द्यायचा, म्हणजे आपण होऊन पडतो. चाकांना काथ्या, अंगाला रिठ्याचे पाणी, शेवटी मऊ कातडे. मोटार कुणाची हे चिखल विचारत नसे. एक सरकारी पदवीधारी गृहस्थ कलेक्टरांच्या स्वागताला जाताना मोटार धुऊन घेत आणि छत्री रोखून मला सूचना देत. त्यांच्या चाकांत शेण इतरांइतकेच असे.

संध्याकाळी घरी गेलो की अण्णा विचारत, "आज कुठला?"

"काळा. तीन मोटारी."

"नवलगुंदला पाऊस झाला तर." मग डोळे मिटून ते सगळा रस्ता म्हणून दाखवत. कुठे ओढा, कुठे उतार, कुठल्या वळणावर गुरे आडवी येतात. खोकला आला की रस्ता तिथेच सोडून देत. भाद्रपदात रस्ता पुष्कळ लांबपर्यंत जाई. आश्विन लागला आणि तो दुसऱ्या ओढ्यापुढे जाईना.

खंडेनवमीला त्यांनी हट्ट धरला. मी त्यांना टांग्यातून आवारात नेले. सर्व्हिसच्या मोटारी धुऊन ओळीने उभ्या होत्या, झेंडूच्या माळा घातलेल्या. अण्णांची जुनी मोटार शेवटी होती. आता ती चालवणारा ड्रायव्हर कुंकवाची वाटी त्यांच्यासमोर धरून म्हणाला, "अण्णा, तुम्हीच काढा."

अण्णांनी बॉनेटवर स्वस्तिक काढले. त्याचा एक पाय आखूड पडला.

"लंगडं झालं," ते म्हणाले. "गाडी ओळखेल, कुणी काढलं ते."

अज्जाने त्यांच्यासाठी चिंचेखाली खुर्ची ठेवली होती. त्यावर ते घटकाभर बसले आणि विहिरीच्या कठड्याची एक वीट निघाली आहे, ती बसवून घे, असे मला सांगितले. मला वाटले, हे मालकाचे बोलणे आहे, आता काळजी नाही.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी अण्णांची ती मोटार पुन्हा आली. नवलगुंदच्या बाजूला ओढ्यात रुतली होती; बॉनेटसकट काळा लेप. अज्जा त्या सकाळी देवळात गेला होता. मी एकटा होतो आणि आता मला काम येत होते. मी चिखल नीट भिजवला, एक ओरखडा न उठवता सगळा उतरवला, रिठ्याचे पाणी फिरवले, कातड्याने पुसून घेतले. मोटार आरशासारखी झाली. मग मी दोन पावले मागे सरकून पाहिले, आणि बॉनेटवर फक्त माझे तोंड होते.

आमच्याकडे पूजेचे कुंकू मोटारीवरून कुणी धूत नाही. ते आपण होऊन जाईपर्यंत तेवढी जागा सोडून बाकीची मोटार धुतात. दिवाळीपर्यंत हुबळीतल्या प्रत्येक मोटारीच्या कपाळावर वीतभर मळ असतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होते.

अज्जा आला. त्याने बॉनेट पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"इरली बिडरी," तो म्हणाला, "राहू द्या." मग कातडे पिळून ठेवत म्हणाला, "हेसुद्धा सांगावं लागतं, हे मला माहीत नव्हतं, मास्तर."

संध्याकाळी अण्णांनी विचारले, "आज कुठला?"

"काळा. तुमची मोटार आली होती."

"निघाला?"

"सगळा."

"भिजवला होतास नीट?"

"हो."

"मग आलं तुला काम," ते म्हणाले, आणि भिंतीकडे कूस वळवली. त्यांना कळले की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या संध्याकाळी त्यांनी रस्ता म्हणून दाखवला नाही. त्यानंतर सहाव्या दिवशी ते गेले. त्यांना पोचवायला तीच मोटार आली होती. ड्रायव्हर बॉनेटकडे पाहत नव्हता आणि मीही पाहिले नाही.

तेरावा झाल्यावर अज्जाने निरोप पाठवला की, मास्तरांना आता नको असेल तर मी दुसरे गिऱ्हाईक बघतो. आवार घ्यायला माझ्याकडे एकही कारण उरले नव्हते. मी ते घेतले. कठड्याची वीट बसवून घेतली. खुर्ची होती तिथेच ठेवली. तिच्यावर कुणी बसायला लागले की मला काहीतरी काम सांगावेसे वाटे. अज्जा गदगला गेला. मी नोकरीही सोडली नाही, कारण हात भिजवल्याने धंदा कळतो, पुढचे साल कळत नाही.

पुढच्या साली लढाईमुळे पेट्रोल आटले. वकिलांनी मोटारी विटांवर चढवून ठेवल्या, सर्व्हिसच्या निम्म्या गाड्या बंद झाल्या. त्यात अण्णांची मोटारही होती. उन्हाळ्यात उणकलचे तळे खाली गेले, तळाशी चिखलच उरला, आणि माझ्या विहिरीला मात्र पाणी होते.

त्या वर्षी मी बहुतकरून म्हशीच धुतल्या. काळा चिखल त्यांनाही आधी भिजवावाच लागतो.