भाऊजींनी मोडलेली पाळणूक

आमच्या भाऊजींइतका उद्योगी माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसावा. झालाच असेल तर त्याच्या मेहुण्याची मला मनापासून दया येते. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. जव्हार दरबारच्या खासगी शेतीवर ते कारकून होते. वसईच्या घरी मी परीक्षेत आपटून निवांत लोळत पडलो आहे हे त्यांना कुठूनसे कळले, आणि त्यांनी मला उचलून जव्हारच्या कचेरीत उमेदवार म्हणून चिकटवून दिले. राहायला अर्थात त्यांच्याच घरी. तिथे मी काही वर्षे काढली. आता केस पिकले, नातवंडे झाली, पण त्या वर्षांचा शीण अजून पुरता उतरलेला नाही. दुपारी जरा आडवा झालो आणि भाऊजींची आठवण आली, की आपोआप उठून बसतो.

भाऊजी कोंबड्याच्या आधी उठत. कोंबडा हा त्यांच्या मते आळशी प्राणी. एकदा ओरडतो आणि दिवसभर उकिरडा उकरतो. जाग येणे आणि उठणे यांच्यामध्ये आपण सामान्य माणसे जो गोड मुक्काम करतो, तो त्यांना मान्य नव्हता. ते उघड्या फळीवर, उशीशिवाय झोपत. "उशी माणसाशी वाटाघाटी करते," असे त्यांचे म्हणणे. मी गेलो त्याच आठवड्यात माझी उशी नाहीशी झाली आणि काही दिवसांनी दरबारच्या एका बैलाच्या खांद्यावर, जुवाखाली, दिसली. बैलाचा खांदा सोलवटला होता, हे खरे. पण मानेचा विचार करायचाच तर मीही त्याच घरात राहत होतो.

नावडते काम सगळ्यात आधी, हा त्यांचा दुसरा नेम. दिवसाची सुरुवात काडेचिराइताच्या काढ्याने होई, म्हणजे त्याहून कडू असे दिवसभरात काही भेटू नये. जेवतानाही पानातले न आवडणारे आधी संपवायचे. कारले त्यांना अजिबात आवडत नसे, म्हणून अक्का बिचारी रोज कारले करी. वर्षभरात त्यांना ते आवडू लागले. त्याबरोबर त्यांनी ते बंद करायला सांगितले, कारण आता त्याचा काही उपयोग राहिला नव्हता. मग काय नावडते याचा शोध सुरू झाला आणि त्या शोधात अक्काने रांधलेले पदार्थ आठवले की अजूनही माझी जेवणावरची वासना उडते.

पण त्यांचा खरा वैरी होता रिकामा हात. आपला असो वा दुसऱ्याचा. मोखाड्याच्या बाजाराला पायी जाताना ते अंबाडीची दोरी वळत जात. मोखाडा इंग्रजी हद्दीत, आम्ही संस्थानात, तरी दोन्ही राज्यांतले लोक ती दोरी ओळखत. घरी कोणी आले की "या, बसा" म्हणायच्या आत पाहुण्याच्या पुढ्यात भिजवलेल्या वालांचे ताट येई. बोलायचे ते सोलता सोलता बोला. लग्नाचे आमंत्रण करायला आलेल्या गृहस्थांनी वाल सोलले. वडील वारल्याचे सांगायला आलेल्या एकाने डोळे पुसत पुसत वाल सोलले, आणि ताट संपल्यावर भाऊजी त्याला कळवळून म्हणाले, "पाहिलंत? दुःख थोडं हलकं झालं की नाही?" हळूहळू आमच्याकडे माणसांचे येणे थांबले. घर आधीच गावाबाहेर, शेताच्या कडेला, तिथे राबणाऱ्या माणसांच्या पाड्याला लागून. अक्काला बोलायला माणूस उरले नाही.

नवऱ्याशी बोलावे, तर तिथे पगडी आडवी येई. भाऊजींची एक लाल पगडी होती; ती केवळ विचार करण्यासाठी. ती डोक्यावर असली की घरात कोणी त्यांच्याशी बोलायचे नाही, असा कायदा. एकदा स्वयंपाकघरात नाग निघाला. अक्का धावत ओटीवर आली, तो भाऊजी पगडी घालून बसलेले. ती दाराशी उभी राहून नुसती हातवारे करू लागली. नागानेही थोडा वेळ वाट पाहिली असावी; मग तो मोरीतून निघून गेला. पगडी उतरल्यावर भाऊजींनी विचारले, "काही म्हणत होतीस का?"

"नाही," अक्का म्हणाली. "गेला तो."

आमच्या त्या रानात हिवताप कोणालाच चुकत नसे. भाऊजींना तो एका दिवसाआड येई. दुसरा माणूस घोंगडी घेऊन पडला असता. यांनी तापाचे वेळापत्रक ध्यानात घेऊन बाकीची कामे त्याच्या अलीकडे पलीकडे लावली. हुडहुडी भरली की अक्काला हाक मारत, "अगं, ताकाचा डेरा आण. हात हलतोच आहे." लोणी चांगले येई, हे मी नाकारत नाही. पण कोयनेलच्या गोळ्यांनी ताप थांबला तेव्हा लोणी थांबले म्हणून हळहळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुम्ही हसाल. मीही हसून अक्काला हे सांगायला गेलो होतो. मृगाच्या आधीचे दिवस होते, ती परसात गोवऱ्या उचलत होती. ती हसली नाही. म्हणाली, "मी दमले रे. यंदा दसरा झाला, वाट सुकली, की मला वसईला पोचव. मी परत नाही यायची."

"भांडण झालं का?"

"भांडायला माणूस समोर बसावा लागतो."

माझे हसणे तिथेच संपले. अक्का बोलून दाखवणारी नव्हती; करणारी होती. भाऊजींना सांगू का, म्हटले, तर तिने शपथ घातली. सगळा पावसाळा ते ओझे मी एकट्याने वाहिले. भाऊजी चांगले होते हो! माझ्या आजारपणात पाणी उकळून माझ्या तोंडाशी धरणारा तोच माणूस. पण बायको जायला निघाली आहे हे या माणसाला सांगायचे कसे आणि कधी, पगडी काढल्यावर की ताप उतरल्यावर?

आषाढात पाऊस लागला, भाताची रोपे तयार झाली. लावणीला हात घालण्याआधी पाड्यावर गावदेवीचा एक दिवस पाळतात; तीच पाळणूक. त्या दिवशी औत जुंपायचे नाही, जमिनीला लोखंड लावायचे नाही, सगळा पाडा घरात. भाऊजींनी आदल्या वर्षांत हा दिवस दात ओठ खाऊन सोसला होता. यंदा सकाळी उठून पाहतात तर पाऊस मोजून मापून पडलेला, खाचरात पाणी भरलेले, आणि बैल गोठ्यात रवंथ करताहेत. त्यांना ते सोसवेना. "पाळणूक त्यांची आहे, आपली नाही," म्हणत त्यांनी स्वतः धोतर खोचले आणि औत जुंपून खाचराचा चिखल करायला, चिखलणीला, निघाले. बैलांच्या पुढे मला घातले. भाऊजींनी जन्मात औत धरले नव्हते. पहिल्या वळणाला बैल डावीकडे गेले, औत उजवीकडे, आणि भाऊजी मधल्या मधे चिखलात. तरी उठून त्यांनी ते खाचर पुरे केले. काम कसले झाले म्हणा. रानडुकरांनी याहून नेटके उकरले असते.

दुपारी पानांची इरली पांघरून पाटील आणि चार म्हातारे ओटीखाली येऊन उभे राहिले. इथली माणसे देवालाही तू म्हणतात आणि दरबारालाही. तेव्हा कारकुनाची काय कथा.

"कारकूना, आज काय व्हता, तुला ठाव नाय?" पाटलाने शांतपणे विचारले.

"अहो पाटील, एवढा दिवस फुकट घालवायचा? एका दिवसात किती काम होतं!"

"एक दिस व्हता. तो तू मोडला. आता या बाजारापून त्या बाजारापरेंत पाळाचा."

"आठवडाभर? रोपं जून होतील!"

"व्हतील," पाटील म्हणाला. त्यालाही त्याचे सुख नव्हते. पाड्याचे पोट त्याच रोपांवर होते. "आनि तूच मोडला, तं तूबी पाळाचा. तुज्या हाताला काम लागला तं परत पयल्यापून."

"मग मी करायचं काय?"

"काय नाय कराचा. बसाचा."

"बसून काय करायचं?"

पाटलाने म्हाताऱ्यांकडे पाहिले. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले. असा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसावा. बराच विचार करून पाटील म्हणाला, "बसाचा."

रोपे गेली असती तर दरबारात भाऊजींची अब्रू गेली असती, आणि पाड्याशिवाय एक रोपही चिखलात उभे राहणार नव्हते. भाऊजी बसले. बसले म्हणजे ओटीवरच्या खांबाला टेकले, उठले, फेऱ्या मारल्या, पुन्हा टेकले. पाड्याने पाटलाची म्हातारी आई अंगणात इरल्याखाली पाळतीवर ठेवली होती. भाऊजी जमिनीवरचा भाताचा दाणा उचलायला वाकले की ती खाकरे. ते हात मागे घेत. शेवटी ते म्हणाले, "अगं, माझी पगडी तरी आण. विचार करतो."

"ती डोक्यावर ठेवायला हात लागतो," अक्का म्हणाली. माझ्या आठवणीत तिने त्यांची केलेली ती पहिली थट्टा.

वाल सोलायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून तीच ताट घेऊन ओटीवर बसू लागली. पाऊस पडत होता. भाऊजींना बघायला दुसरे काही नव्हते, तेव्हा ते तिच्याकडे बघू लागले. पहिल्यांदा ती कशी सोलते, याकडे. एकदोन सूचनाही केल्या. मग सूचना थांबल्या. एका सकाळी ती स्वतःशीच जात्यावरची ओवी गुणगुणत होती, तर हे चकित होऊन म्हणाले, "तुला गाता येतं?"

"येत होतं."

मग अगदी हळू, जसे काही अपराध कबूल करत असावेत तसे म्हणाले, "तुला इथं करमतं का गं?"

अक्का उठून आत गेली. चूल चांगली पेटलेली होती, तरी ती कितीतरी वेळ फुंकणी घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजी खांबाला टेकून झोपी गेले, दुपारी, तोंड उघडे टाकून! अक्का शेजारी बसून त्यांच्या तोंडावरच्या माश्या वारत होती. अंगणातली म्हातारी मला म्हणाली, "आता बसला." मला वाटले, सुटलो. वसई रद्द.

बाजाराचा दिवस उलटला आणि सगळा पाडा खाचरात उतरला. माणसांनी एवढ्या नेटाने लावणी केली की रोपे जून व्हायच्या आत शेत हिरवे झाले. दरबारातून भाऊजींची वाखाणणीही झाली. आणि भाऊजी? गेलेला आठवडा भरून काढायला ते व्याजासकट कामाला लागले. पगडी आली, दोरी आली. ओटीवर पुन्हा कोणी बसेना. दसरा झाला तशी अक्का मला म्हणाली, "गाडी सांग."

"अगं, पण तो आठवडा..."

"म्हणूनच. ते असे बसू शकतात हे ठाऊक नव्हतं, तोवर चालत होतं."

निघायच्या आदल्या संध्याकाळी अक्काने भाऊजींना सांगितले, डहाणूच्या स्टेशनापर्यंत गाडी सांगितली आहे, मी वसईला जाते. कधी येणार, हे ती बोलली नाही आणि त्यांनी विचारले नाही. कापणी तोंडावर आली होती. पहाटे ते नेहमीप्रमाणे उठून शेताकडे गेले. मी त्यांना मनात बऱ्याच शिव्या घातल्या.

उजाडल्यावर गाडी दाराशी लागली. मी वळकटी गाडीत टाकली, अक्का देवाला नमस्कार करून बाहेर आली, आणि तेवढ्यात भाऊजी बांधावरून येताना दिसले. त्यांनी पाय धुतले. आमच्याकडे न पाहता ते ओटीवर चढले आणि खांबाला टेकून बसले. थांब म्हणायची त्यांना सवय नव्हती. कोणाला थांबवायची वेळ त्यांनी कधी येऊच दिली नव्हती. शेतावरून पाटील हाका मारत आला, "कारकूना, चल ना, मानसा उभी हाईत!"

"आज नाही," भाऊजी म्हणाले.

गाडीवान बैलांना चुचकारत होता. मी म्हटले, "अक्का, उन्हं चढतील, चल." तिने गाडीकडे पाहिले, ओटीकडे पाहिले, आणि हातातले बोचके माझ्याकडे दिले.

"आज नको रे," ती म्हणाली. "आज ते बसलेत."

ती वसईला पुढे सणासुदीला तेवढी गेली आणि दरवेळी परत आली. भाऊजी सुधारले असे मात्र मी म्हणणार नाही. शेवटपर्यंत ते कोंबड्याच्या आधी उठले आणि आल्यागेल्याकडून कामे करून घेतली. पण वर्षातून एखाद्या दिवशी, काही कारण नसताना, ते शेत सोडून घरी येत आणि खांबाशी बसत. असे दिवस फार नव्हते. एवढ्याशा दिवसांवर अक्काने सगळा जन्म कसा काढला, हे तिला विचारायचे माझ्या मनात होते. आता दोघेही नाहीत, आणि विचारायचे राहून गेले.