आईला नागपूरला पोचवायला गेले तेव्हा

बाबा गेले तेव्हा आमची ग्रीन कार्डं यायची होती, त्यामुळे मला जाता आलं नाही. कार्डं आल्यावर पहिलं काम केलं ते आईला नागपूरहून अमेरिकेत, आमच्या शुगर लँड गावी बोलावून घेण्याचं. तेलाचे भाव कोसळले होते, ओळखीतले दोन इंजिनिअर नोकरी जाऊन परतले होते. पण नवऱ्याची तेल कंपनीतली नोकरी टिकून होती आणि मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. मुलीनं आपली खोली आजीला दिली.

सकाळी आम्ही तिघं बाहेर पडलो की आई एकटी. वस्तीतल्या बायकांबरोबर अख्खा जन्म काढलेली बाई, रोज संध्याकाळी विहारात वंदनेला जाणारी. इथं गाडीशिवाय कुठं जाणार? मुलीशी बोलायला जायची तर ती म्हणायची, "आजी, व्हॉट?" मग दोघी हसायच्या. पुढं पुढं आईनं बोलणंच कमी केलं.

जुलैमधल्या एका दुपारी लॅबमध्ये शेजारणीचा फोन आला. आई आमच्या घरामागच्या रस्त्यावर तिला सापडली होती. फिरायला म्हणून निघाली, सगळी घरं एकसारखी, आपलं कोणतं ते कळेना. उन्हात बराच वेळ चालत होती. मी धावत आले. आई शेजारणीच्या सोफ्यावर अंग चोरून बसली होती, पायांत रबरी चपला, हातात पाण्याचा ग्लास तसाच.

"कोणाचं दार वाजवायचं नाही का?"

"वाजवलं असतं. पण सांगू काय? तुझं नाव सांगता येते, पत्ता कुठं येते?"

घरी आल्यावर माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मी इथं काय करून राहिली बाई? मला माझ्या माणसांत नेऊन सोड."

मला फार लागलं. मी कोण मग? पुढच्या महिन्यात रजा काढली आणि तिला घेऊन निघाले.

आठ वर्षांनी मी नागपुरात पाऊल ठेवत होते. रिक्षा वस्तीत शिरली तशी आई ताठ बसली. बायका दारादारांतून बाहेर आल्या. कोणी तिचा हात धरला, कोणी पिशवी घेतली, आणि आई बोलायला लागली. गेल्या पाच महिन्यांत मी तिचा इतका मोठा आवाज ऐकला नव्हता. मी सामानापाशी उभी होते. समोरच्या मावशी मला म्हणाल्या, "या, बसा ना बाई." याच मावशींनी लहानपणी मला कान धरून शाळेत पोचवलं होतं. तेव्हा मी 'अगं पोरी' होते.

बाबांच्या फोटोसमोर बसले तेव्हा रडू आलं. बाकीच्यांचं रडून केव्हाच झालं होतं. इथंच राहणारा माझा भाऊ शेजारी येऊन बसला, मग आपल्या दुकानावर गेला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. मी म्हणाले, "आई, आम्हीच इकडं परत आलो तर?"

तिचा हात थांबला नाही. "तुला इथं मी आहे. तुझ्या पोरीला कोण आहे?"

"तू आहेस की."

"ते माझ्याशी बोलते कुठं?" ती म्हणाली. रागानं नाही. भाकरी उलटून माझ्या ताटात वाढली आणि म्हणाली, "खाय गरम गरम."

आई पुन्हा अमेरिकेला आली नाही. दोन वर्षांनी, ऐन मे महिन्यात ती गेली. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. वस्तीतल्या बायका माझ्याभोवती बसल्या आणि एकेक सांगू लागल्या: शेवटच्या आठवड्यात तिला आंबट खावंसं वाटत होतं, डावा हात दुखायचा, झोप लागेना तेव्हा कोण उशाशी बसलं, ती काय काय बोलली. मधेच एखादी दुसरीला दुरुस्त करायची, "नाही गं, ते बुधवारी."

मी ऐकत होते. मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.