खुडूक कोंबडीखालच्या तीन लोंब्या

२४ सप्टेंबर १९५८, सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. मुळशीच्या एका खाचरात गुडघाभर चिखलात उभी राहून मी भाताच्या एकाच थोंबाच्या, म्हणजे एका बुडातून फुटलेल्या रोपाच्या, तिन्ही लोंब्या कापल्या आणि तीन लहान बाटल्यांत बुडवल्या. वेळेची नोंद हा कामाचाच भाग होता. पेशी दुभंगत असतानाच तिला जागच्या जागी थांबवावे लागते. लोंबी पानाच्या आवरणातून बाहेर डोकावली की उशीर झालेला असतो.

हे थोंब आदल्या हंगामात शेजारच्या रोपांपेक्षा हातभर उंच वाढले होते आणि त्याला एकही दाणा भरला नव्हता. वांझ रोपाचे बी ठेवता येत नाही. माझ्या आग्रहावरून खाचराच्या मालकांनी तेच थोंब बांधाकडेच्या ओलाव्यात जगवले, एवढाच त्याचा वंश. त्याच्या पेशीत गुणसूत्रे किती, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. मार्गदर्शकांनी स्पष्ट बजावले होते, की या खेपेला नमुना हाती लागला नाही तर हा विषय बंद. मग मी दुसऱ्या कोणाच्या तरी कामात मदतनीस म्हणून बसावे. मदतनीस होण्यासाठी मी एम.एस्सी.ला आले नव्हते.

बाटल्यांत पेशी आहे त्या अवस्थेत मारून टिकवणारे मिश्रण होते: तीन भाग शुद्ध अल्कोहोल आणि एक भाग ॲसेटिक आम्ल. दारूबंदीचे दिवस, अल्कोहोलचा सरकारी परवाना मी खांद्यावरच्या पिशवीत सतत बाळगत असे. बाटल्यांची पेटी मालकांच्या पडवीत सावलीला ठेवून मी तुलनेसाठी साधे भात आणायला पुन्हा खाचरात गेले. पिशवी अर्थातच माझ्याबरोबर गेली.

परतले तेव्हा अंगणात दारूबंदीचे जमादार आणि दोन शिपाई उभे होते. वाडीत हातभट्टी असल्याची खबर त्यांना लागली होती. एक शिपाई कणगीत हात घालून भात चाचपत होता. पडवीत माझी पेटी उघडी पडली होती, आणि ती रिकामी होती.

मी परवाना पुढे केला. जमादारांनी तो दोनदा वाचला.

"परवाना हाय. मग माल कुटं हाय, बाई?"

"या पेटीत होता."

"व्हता म्हंजे? कुणी ढोसला?"

मालकीणबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. आठ दिवस त्यांच्याच हातची भाकरी मी खात होते, आणि त्या बाटल्यांचा वास त्यांना पहिल्यापासून नकोसा होता. आता त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्यांनी ते सारे मोरीत ओतले असणार, असा निष्कर्ष मी काढला. उपलब्ध पुराव्यावरून दुसरा निघत नव्हता.

"वहिनी, त्या बाटल्या..."

"कसल्या बाटल्या? आमच्या घरात बाटली न्हाई," त्या ठसक्यात म्हणाल्या. "लेकीसारकी पोर हाय ती. तिच्या नावानं कायबी बोलू नगा, जमादार."

"अहो, पण हा कागद सरकारनेच दिला आहे. बाटल्या बाळगायला मला परवानगी आहे."

त्यांनी प्रथमच माझ्याकडे पाहिले. "सरकारनं? बाईमाणसाला?"

"हो."

"आन् ह्ये आत्ता सांगताय? आदी सांगायचं न्हाई व्हय!"

पदर खोचून त्या थेट खुराड्याशी गेल्या. आत अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी फुरफुरली. शिपायांनी सारे घर उलथले होते, पण तिच्याखाली हात घालायचे धाडस कोणी केले नव्हते. मालकीणबाईंनी मात्र शिव्या घालत तिला उचलले आणि अंड्यांमधून एकेक करून तिन्ही बाटल्या काढल्या. बुचे घट्ट होती. लोंब्या शाबूत होत्या.

जमादारांनी एक बूच काढून हुंगले आणि मान झटकली. "ह्ये पिऊन माणूस जगंल का?"

"ते पिण्यासाठी नाही. मारण्यासाठीच आहे," मी म्हणाले. जमादारांच्या मागे उभे असलेले मालक तेव्हा पहिल्यांदा हसले.

बाटल्या हाताला चांगल्याच उबदार लागल्या. नमुना थंड जागी ठेवण्याचा नियम होता. कोंबडीच्या उबेविषयी पुस्तकांत एक ओळही नव्हती. लोंब्या वाचल्या होत्या, त्यांतल्या पेशी टिकल्या होत्या की नाही हे पुण्याला गेल्याशिवाय कळणार नव्हते. दुसऱ्या दिवशी त्या सौम्य अल्कोहोलमध्ये हलवल्या आणि एस.टी.त पेटी मांडीवर घेऊन बसले.

प्रयोगशाळेत एक कोवळा परागकोश काचपट्टीवर ठेवून त्यावर ॲसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब टाकला आणि गंजक्या सुईने तो फोडला. गंजातल्या लोहाने रंग गडद चढतो. पट्टी ज्योतीवरून हलकेच फिरवली, टीपकागद ठेवून अंगठ्याने दाबली. पहिल्या पट्टीत नुसता लालसर चोथा दिसला. दुसरीतही तेच. तिसऱ्या पट्टीत एक पेशी नितळ होती. गुणसूत्रे दोन टोकांकडे निघालेली आणि तिथेच थबकलेली, सुटी सुटी, मोजता येण्याजोगी.

साध्या भातात दोन्ही टोकांना बारा-बारा, म्हणजे एकूण चोवीस, बाराचे दोन संच असतात. इथे वाटणी समान होतच नव्हती, म्हणून दाणा भरत नव्हता. मी तीनदा मोजले, मार्गदर्शकांनी एकदा मोजले, आणि ते माझ्या हाती पेन्सिल देऊन बाजूला झाले. मी लिहिले: एका टोकाला १७, दुसऱ्या टोकाला १९; एकूण ३६.