माझ्या गळ्यातला हुंकार

मी मुकी नाही. पण बोलायची वेळ आली की गळ्यात काहीतरी अडकतं. शाळेत चौथीपर्यंत गेले. कविता पाठ असायची, पण गुरुजींनी उभं केलं की ओठ नुसते हलायचे. बघायला आलेल्या पावण्यांनी "पोरीला तोंड न्हाई, बरं हाय की" म्हणून पसंत केलं. नवरा गेला तेव्हाही मला मोठ्यानं रडता आलं नाही आणि भावकीतल्या बायका त्यावरूनसुद्धा बोलल्या. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

नवरा गेल्यावर मी कोल्हापुरात एका आजींकडे कामाला लागले. आजी मूळच्या कोडोलीच्या. गुडघे गेलेले, त्यामुळे दिवसभर खाटेवर. त्यांना अंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या आणि उरलेला सगळा वेळ ऐकायचं, हे माझं काम. डेअरीवर दुधात पाणी कोण घालायचं, जावेनं नथ कुठं लपवली, कुणाच्या लग्नात रस्सा कमी पडला आणि कुणाच्या नाकाला मिरची झोंबली. मी पायाशी बसून तेल चोळायची आणि हुंकार भरायची. हं. व्हय. अगं बाई. मग?

"तू हाईस म्हणून बोलाय तरी येतंय," आजी म्हणायच्या. "सूनबाई हाय, पण तिचं मुंडकं फोनात. लेक हाय, पण तो यंत्रात. मी काय भिंतीला सांगू?"

आपण कुणाला तरी हवे आहोत, हे मला त्या खोलीतच कळलं. आजी आहेत तोवर आपली जागा आहे, असं मी धरून चालले होते.

आजींच्या मुलाची शिरोली एमआयडीसीत शेड होती. तिथं ते माणसासारखं यंत्र बनवत होते, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत म्हणून. डोकं, मान, दोन हात, आणि कमरेखाली चाकं. ते मराठी बोलायचं, शब्द अगदी स्वच्छ. पण एसटी स्टँडवर गाडी लागल्याचं सांगतात तसं. समोरचा बोलत असला की दगडासारखं थांबायचं आणि त्याचं संपलं की सगळं एकदम बोलायचं.

एकदा दादा, म्हणजे आजींचा मुलगा, दारात उभे राहून आमचं बोलणं ऐकत होते. बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही हे मध्ये मध्ये 'हं' करता ना, तेच आमच्या यंत्राला जमत नाही. हुंकार मिळाला नाही की बोलणारा माणूस थंड पडतो. तुमचा आवाज देता का?"

मी मान हलवली. तेवढं मला येतं.

शेडमध्ये एका खोलीच्या भिंतींना स्पंज लावला होता. मला कानाला लावायचं दिलं आणि काचेपलीकडून एक मुलगी म्हणाली, "मावशी, आता आश्चर्य वाटल्यासारखं 'हं' म्हणा." माझ्या तोंडून वारासुद्धा निघाला नाही. ती बिचारी दुपारपर्यंत गोड बोलत राहिली. शेवटी दादा म्हणाले, "राहू दे. यांना आईजवळच बसू दे."

मग माझ्या पदराला आवाज टिपणारं एक बारकं बटणासारखं लावलं. आजींना सगळं समजावून सांगितलं.

"लाव की," आजी म्हणाल्या. "माझी गाऱ्हाणी यंत्रानं तरी ऐकू देत. म्हंजे लेकाला माझं ऐकाय यंत्र लागतंय व्हय?"

दादा हसले. मीही तोंडाला पदर लावून हसले.

आजींच्या सगळ्या गोष्टींत एक गोष्ट अर्धी होती. त्यांची पहिली मुलगी लहानपणीच तापात गेली. तिला बैलगाडीतून कोल्हापूरला दवाखान्यात आणत होते. उन्हाळ्याचे दिवस. "आन अर्ध्या वाटंवर पोरीनं पानी मागितलं," इथपर्यंत आजी यायच्या आणि थांबायच्या. त्या जागी मी कधी हुंकार भरला नाही. नुसता हात त्यांच्या पावलावर ठेवायची. थोड्या वेळानं त्या आपणच "चा टाक गं" म्हणायच्या.

पुढे शेडमधली ती काचेपलीकडची मुलगी घरी आली, लॅपटॉप घेऊन. दादांना ऐकवत होती. मी चहा घेऊन गेले.

"इथं बघा सर, आजी थांबतात आणि मावशींचं काहीच नाही. दर वेळी हीच जागा रिकामी जाते."

"भरून घे," दादा म्हणाले. "मावशींचा दुसरीकडचा एखादा चांगला 'मग?' टाक तिथं."

मी कप ठेवले आणि आत आले. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

मग ते यंत्र घरी आलं. सूनबाईंनी त्याला आजींचीच एक जुनी साडी गुंडाळली. आजींनी वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हिला कुकू तरी लावा गं. घरात दोन रांडमुंड्या हायत त्या बास झाल्या की."

सगळे हसले. आजींनी माझ्याकडे बघून जीभ चावली. मग साडीतल्या त्या यंत्राशी आजी बोलायला लागल्या, गंमत म्हणून. डेअरी, नथ, रस्सा. आणि ती "हं" म्हणाली. माझ्या गळ्यातून म्हणाली. "अगं बाई" म्हणताना मान किंचित तिरकी करायची. मी तशी करते हे मला माहीत नव्हतं.

काही दिवस मी तेल चोळायची आणि हुंकार ती भरायची. मी तोंड उघडायच्या आत तिचा यायचा.

एका दुपारी मी गोळ्या घेऊन दारापर्यंत आले, तर आत मुलीची गोष्ट चालली होती. "आन अर्ध्या वाटंवर पोरीनं पानी मागितलं." आजी थांबल्या.

"मग?" ती म्हणाली. मी जावेची भांडणं ऐकताना म्हणते तसा, हलका.

मला वाटलं आजी आता चिडतील, तांब्या फेकून मारतील. खरं सांगायचं तर मारावा असंच मला वाटत होतं.

"मग," आजी म्हणाल्या, "पानी हुतं गं गाडीत, पन मी..."

तेवढ्यात त्यांना मी दिसले. "गोळ्या ठेव आन जा भाईर," म्हणाल्या. "आमचं चाललंय. दार ओढून घे."

मी दार ओढून घेतलं. आतून आजींचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्ये मध्ये माझा आवाज येत होता.

दुसऱ्या दिवशी आजींची वेणी घालताना माझा हात जरा ओढून लागला. आजी म्हणाल्या, "फुगू नगंस. तुला सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस, मग मला तुझे डोळे पुसत बसाय लागलं असतं. ती रडत न्हाई."

मी हं म्हणाले नाही.

दादा खूश होते. "मावशी, आई इतक्या वर्षांत इतकी मोकळी झाली नव्हती. तुमच्याच आवाजाची करामत." आणि मग, मोबाईलकडे बघत, "पुढच्या महिन्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल. अंघोळीला सकाळची बाई लावतोय." शेवटच्या दिवशी निघताना मी आजींच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, "येत जा अधनंमधनं." मागून यंत्र "हं" म्हणालं. त्याला कुणीही बोललेलं पुरतं.

आता मी एका कॅन्टीनमध्ये भाकऱ्या थापते. बायका दिवसभर बोलतात, आणि मला मध्ये हुंकार भरता येत नाही. गळ्यातून निघायच्या आत तो मला तिकडून, आजींच्या खोलीतून, ऐकू आल्यासारखा वाटतो. परवा चंदगडहून बहिणीचा फोन आला. ती सासूचं सांगत होती. मध्येच थांबली.

"ऐकतीयास न्हवं? का ठेवू?"

"ऐकतीय," मी म्हणाले. "बोल."

पण तिचं बोलणं तुटलं ते तुटलंच. थोडं पावसाचं सांगितलं आणि तिनं फोन ठेवला.