जानेफळच्या ओळीतली रेघ

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर मी आजवर फक्त वाद घालायला येत आलोय, हे जुन्या मंडळींना माहीत आहे. कोणी 'मामांना पाठमोरी बाई दिसली' असं लिहिलं की खाली माझी कमेंट ठरलेली – मामांच्या चष्म्याचा नंबर काय? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. नारळातून धूर, लिंबातून रक्त असले बुवाबाजीचे प्रयोग पोरांसमोर करून त्यातली चलाखी उघड करतो. त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. हसायचं तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचून मग हसा.

दुसऱ्या लाटेतला उन्हाळा होता. शाळा बंद, आणि आम्हा मास्तरांच्या ड्युट्या जिथेतिथे लागलेल्या. माझी लागली बुलढाण्यात, कोरोनाच्या आकडेवारीच्या खोलीत. दुपारी दोनपर्यंत सगळ्या तालुक्यांकडून व्हॉट्सअॅपवर याद्या यायच्या – नवे पॉझिटिव्ह, बरे झालेले, मृत्यू. त्या एक्सेलमध्ये भरायच्या, मेळ लावायचा आणि चारच्या ठोक्याला अहवाल वर पाठवायचा.

एकदा एकच मृत्यू दोन तालुक्यांनी कळवला आणि तो दोनदा मोजला गेला. साहेब असे तापले की विचारू नका! तेव्हापासून आमच्या सीनियर क्लार्क वानखडे मॅडमनी एक पद्धत बसवली. मी स्क्रीनवरून प्रत्येक मृताचा तालुका, गाव आणि नाव वाचायचं. मॅडमच्या रजिस्टरमध्ये गावांची नावं एकाखाली एक लिहिलेली; त्यांनी त्या गावापुढे पेन्सिलीने एक उभी रेघ मारायची. शेवटी रेघा मोजायच्या. एक्सेलशी जुळल्या की सही.

माणसं मेलेली असायची आणि आम्ही रेघा मोजत बसायचो. पहिले काही दिवस जेवण जात नव्हतं, मग जायला लागलं... त्याची लाज जास्त वाटायची.

त्याच आठवड्यात जानेफळला माझे वडील, आबा, पॉझिटिव्ह निघाले. आई जाऊन पाच वर्षं झालेली, आबा घरी एकटे. मला रजा नाही. मी इथून औषधं आणि बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन पाठवून दिलं. आबा रोज सकाळी फोनवर आकडा सांगायचे. आधी शहाण्णव यायचं, मग अठ्ठ्याण्णव यायला लागलं.

"अठ्ठ्याण्णव पडले मले," आबा म्हणायचे, "तुह्या शाळेतल्या पोरांईले पडते का कधी?"

मीही हसायचो. आकडा चढतोय म्हणजे माणूस सुधारतोय, एवढंच माझं गणित.

आता मूळ गोष्ट. एका दुपारी यादी वाचून झाली, मॅडमनी रेघा मोजल्या, तर एक जास्त. शोधलं. जादा रेघ जानेफळपुढे होती. यादीत जानेफळचं कोणीच नव्हतं. तोवर ती ओळ कोरीच होती.

"मॅडम, ही कुठून आली?"

"तुम्ही वाचलं म्हणून मारली न सर. मी काऊन मनानं मारू?"

"मी जानेफळ वाचलंच नाही."

"बरं बा, खोडा मंग."

खोडली. चारचा अहवाल गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच – एक रेघ जास्त, त्याच ओळीत. या वेळी मी चिडलो. माझं गाव आहे ते, माझा बाप आहे तिथे! मॅडमना नको ते बोललो. घरी जाऊन झोपा म्हणालो, एवढंही मोजता येत नसेल तर. त्यांचे डोळे भरून आले. मी रबर घेतलं आणि रेघ स्वतःच खोडली.

तिसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "आज मी वाचतो, तुम्ही मारा रेघा. पाहू कोण चुकते तं."

मी अगदी डोळ्यांत तेल घालून बसलो. गाव ऐकायचं, ओळ बघायची, रेघ मारायची. मेहकर तालुका संपला, मॅडमनी लोणार सुरू केलं आणि एकदम थांबल्या.

"सर... हे काय केलं?"

माझी पेन्सिल जानेफळच्या ओळीवर होती. रेघ मारून झाली होती. मारताना मला कळलं नाही, पण मनगट, पेन्सिल, सगळं माझंच होतं. मी तिथूनच आबांना फोन लावला.

"अठ्ठ्याण्णव हाये रे बाबा. काऊन सारखा सारखा इचारून राह्यला?" आबा बोलले, पण मध्ये दोनदा थांबले. वाक्य पुरं करायला त्यांना श्वास पुरत नव्हता. गेले तीन दिवस मी फक्त आकडा ऐकत होतो, माणूस ऐकतच नव्हतो.

गावातल्या आशा सेविकेला फोन केला – सुनीता, माझीच जुनी विद्यार्थिनी. ती दहा मिनिटांत घरी पोचली आणि तिचा फोन आला.

"सर, आबांनी मशीन उलटी लावेल हाये. मी सरळ करून पाह्यली... शहाऐंशी हाये सर."

मशीनवर इंग्रजी आकडे असतात. 86 उलटं पाहिलं की 98 दिसतं. आणि 96 उलटंसुलटं कसंही पाहिलं तरी 96च. गणिताच्या मास्तराचा बाप तीन दिवस उलटा आकडा वाचत होता!

पुढचा पाऊण तास कसा गेला ते सांगता येत नाही. मेहकरला एक बेड होता. अँब्युलन्स दारात आली. तेवढ्यात सुनीता फोनवर म्हणाली, "सर, शेजारच्या विमलकाकू बी घरीच हायेत पॉझिटिव्ह. आबांचीच मशीन लावतात त्या. त्याईले पाहून घेऊ का पहिले?"

मी म्हणालो, "आधी आबांसोबत जा. एकटे आहेत ते. ऑक्सिजन लागेपर्यंत हलू नकोस."

ती गेली. बिचारीने माझं ऐकलं. बेड वेळेत मिळाला, ऑक्सिजन लागला. ती गावात परतली तेव्हा दिवस मावळला होता. विमलकाकूंना तिने त्याच रात्री हलवलं, पण उशीर झाला होता.

दोन दिवसांनी मॅडम यादी वाचत होत्या. मेहकर तालुका, जानेफळ, आणि पुढे काकूंचं नाव. मी रेघ मारली. त्या दिवशी एक्सेल आणि रेघा बरोबर जुळल्या.

थकवा, ताण, मनात बापाची काळजी – तुम्ही जे लिहाल ते सगळं मी स्वतःला सांगून झालंय. माझ्या हातापुरतं ते पटतंही. पण आधीचे दोन दिवस मॅडमच्या हातून रेघ का पडली? माझे वडील जानेफळला असतात हे तोवर त्यांना ठाऊक नव्हतं. आणि ती रेघ आबांची होती की काकूंची? मी ती आबांची धरली, तेवढ्यावर धावाधाव केली आणि थांबलो. मॅडमची माफी मागितली. काकूंची कशी मागायची?

आबा आता ठणठणीत आहेत. मशीन उलटं होतं हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. काकूंचा विषय निघाला की म्हणतात, "मशीन कशी लावाची, ते मीच शिकवलं व्हतं तिले. तेवढा तरी आधार झाला बिचारीले."

मी 'हाव' म्हणतो आणि उठून आत जातो.