गडद कापडावरचा चेहरा

आमच्या वहिनीला कुणी विचारलं, ‘तुम्ही काय करता?’ की ती सांगते, ‘लोकांच्या छातीवर लिहिते.’ समोरचा गोंधळला की तिला भारी मजा वाटते. मग ती त्याला पुढच्या खोलीत नेऊन हीट प्रेस दाखवते. खाली सपाट पाट, वर तापणारी जड प्लेट, बाजूला लांब दांडा. पाटावर टी-शर्ट पसरायचा, त्यावर छापलेला कागद ठेवायचा, दांडा ओढायचा, मशीनने ‘टीं’ केलं की उचलायचा. ‘एवढंच?’ असं कुणी म्हटलं की त्याची धडगत नसते. सुती कापडात ओल असते, म्हणून आधी ते नुसतंच कसं दाबून घ्यायचं, घाईत कागद ओढला तर अक्षराचा काना कसा निघून येतो, सगळं ऐकल्याशिवाय त्याची सुटका नाही.

ही बाई लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी इस्त्री धड येत नव्हती. दादाचा पहिलाच शर्ट तिने पाठीवर जाळला. आईने तो दाराच्या खिळ्याला लटकवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. आई तशी खाष्टच. बहुधा तेव्हाच वहिनीने उष्णतेशी वैर धरलं असावं. पुढे एक बंद पडलेलं दुकान मोडीत निघालं, तेव्हा तिथून ती हे मशीन घेऊन आली. ‘घरात भट्टी आणली,’ असं आई महिनाभर म्हणत होती. मग थंडी पडली आणि आईनेच आपली खुर्ची भट्टीजवळ ओढली.

तिथे बसून आई छापलेल्या टी-शर्टच्या घड्या घालायची. कडेला कड, बाही आत. आणि दिवसभर दोघींची जुंपलेली असायची. ‘हे अक्षर वाकडं आहे.’ ‘आई, ते तसंच असतं.’ ‘तसंच वाकडं?’ पण एकमेकींवाचून दोघींचंही पान हलत नसे. वहिनी कधी दोन दिवस माहेरी गेली की आई दर तासाला विचारायची, ‘आली का ती?’ नाव घ्यायची नाही.

मग आईचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग प्यायलेला चहा, मग माणसं. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, काम सुटलं की रोज येते. मला ती कधी शेजारीण समजायची, कधी मीटर बघायला आलेली बाई. घड्या घालायच्या सोडून ती घातलेल्या घड्या मोडू लागली. एकदा तिने तापलेल्या प्लेटखाली हात घातला. वहिनीने झडप घालून तो बाहेर ओढला आणि स्वतःचं मनगट भाजून घेतलं. त्यानंतर तिचा एक डोळा प्लेटवर आणि एक आईवर असायचा. रात्रीही झोप अशी नाहीच.

दादा दुसऱ्या शहरात नोकरीला. जमेल तसा येतो. वहिनीची दशा पाहून तो म्हणाला, ‘आई मला ओळखते आहे तोवर ती घरात राहील. मलाही ओळखेनाशी झाली, की तिला वृद्धाश्रमात ठेवू. तिथे जवळ सतत माणूस असतं. तुझे असे हाल करून नको.’ तो काही चुकीचं बोलत नव्हता. वहिनी ‘बरं’ म्हणाली.

पण त्याचं येणं लांबत गेलं. फोनवर तोंड दाखवलं तर आई फोन पालथा घालायची. तिच्या मते फोनमधली सगळी माणसं लबाड. कागदावरचे फोटो ती चुरगळायची. कापड मात्र तिच्या हातात टिकायचं. कापडावरून ती तासन् तास हात फिरवायची. तेव्हा वहिनी म्हणाली, ‘ताई, आपण ह्यांना कापडावरच छापू.’

पांढरा टी-शर्ट ठरला, फोटो निवडला. इतक्यात आईने त्या पांढऱ्या कापडावर चहा सांडला. ‘गडद घ्या,’ मी म्हटलं. वहिनीने गडद निळा काढला, त्यासाठीचा वेगळा कागद घेतला, फोटो छापून दाबला. सुरेख आला. दादा जसा काही समोर उभा.

आईने तो मांडीवर घेतला. बराच वेळ पाहिला.

‘हा कोण?’ तिने विचारलं.

‘तुमचा मुलगा, आई.’

‘अगं, माझ्या मुलाला मी ओळखत नाही का?’ आई चिडली. ‘हा नव्हे तो.’ आणि तिने टी-शर्ट बाजूला टाकला.

मी मोरीत जाऊन रडले. वहिनीने दादाला फोन केला. मग त्याने वृद्धाश्रमाशी बोलून जागा ठरवली, येत्या रविवारी गाडी घेऊन येतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोचले तेव्हा वहिनी एका खेळाच्या संघाचं काम करत होती. काळे टी-शर्ट, पाठीवर खेळाडूंची नावं. पहिलाच टी-शर्ट पाटावरून उचलून तिने पाहिला आणि मशीन बंद केलं. नाव उलटं आलं होतं, आरशात दिसावं तसं.

‘पांढऱ्या कापडाला उलटं छापावं लागतं,’ ती हळूच म्हणाली. ‘कागद पालथा ठेवतो ना, म्हणून. गडद कापडाला कागद उताणा असतो, छापायचं सरळ. काल चहा सांडला, मी कागद बदलला. कॉम्प्युटरवरची उलट्याची खूण काढायची राहिली.’

मला उलगडायला क्षणभर लागला. मग मी तो निळा टी-शर्ट शोधून काढला. दादाच्या डाव्या भुवईत जुन्या जखमेची फट आहे. इथे ती उजव्या भुवईत होती. भांग उलटा. अक्षर उलटं झालं की शेंबड्या पोरालाही कळतं. चेहरा उलटा झालेला ना बायकोला कळला, ना बहिणीला. आईला कळला.

वहिनी स्टुलावर बसून राहिली. ‘ताई, खरं सांगू? काल ते रविवारी येतो म्हणाले ना, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. रात्री छान झोप लागली मला.’ तिचे डोळे भरले होते. ‘आता हे मी बोललेच नाही, तर कुणाला कळणार आहे?’

मनगट तिचं भाजलेलं, रात्री तिच्या. माझ्या आईची बाजू तिच्याकडे मांडायला मला तोंडच नव्हतं.

थोड्या वेळाने ती उठली. उलट्याची खूण काढली, फोटो पुन्हा छापला. नवा निळा टी-शर्ट पाटावर हाताने सारखा केला, दांडा ओढला आणि ‘टीं’ होईपर्यंत त्या दांड्यावर कपाळ टेकून उभी राहिली.

आतल्या खोलीत आईने हा टी-शर्ट हातात घेतला मात्र, तिचा अंगठा सरळ डाव्या भुवईवर गेला. ‘झोपाळ्यावरून पडला होता मेला,’ ती म्हणाली. ‘किती रक्त! आणि रडला नाही हो, मीच रडले.’ मग तिने मान वर केली आणि वहिनीकडे परक्या माणसाकडे पाहावं तसं, अदबीने पाहिलं.

‘बाई, तुमची नि ह्याची ओळख आहे का?’

‘आहे,’ वहिनी म्हणाली.

‘मग एक निरोप द्याल? म्हणावं, बायकोला जप. दिवसभर त्या भट्टीपाशी उभी असते पोर. माझं सगळं तीच करते. मी कधी बोलले नाही तिला, पण म्हणावं, आईला ती फार आवडते.’

‘सांगते हं,’ वहिनी म्हणाली. तिने आईच्या खांद्यावरची शाल नीट केली, पुढच्या खोलीत आली आणि दादाला फोन लावला.

‘अहो, ऐका. चूक माझी होती, फोटो उलटा छापला होता. आईंनी ओळखलं तुम्हाला. रविवारी या, पण त्यांना कुठे न्यायचं नाही. मदतीला बाई बघू, तुम्ही महिन्यातून दोनदा या, काहीही करू. आणि हो, तुम्हाला निरोप दिलाय त्यांनी.’

‘काय निरोप?’ दादाचा आवाज मला पलीकडून ऐकू आला.

वहिनीने दोनदा तोंड उघडलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि पदराने डोळे पुसत आईजवळ जाऊन बसली.