खांबामागची खुर्ची

मामा गेल्याची बातमी शाळेच्या शिपायाने आणली. मी चौथीच्या मुलींना शुद्धलेखन सांगत होते. तो दारातूनच म्हणाला, "बाई, तुमचे मामा वारले, घरी बोलावलंय." मी राहिलेलं वाक्य पुरं सांगितलं, मुलींनी ते लिहिलं, मग वह्या मिटायला लावल्या आणि निघाले. डोळ्यांत पाणी आलं नाही, आणि हे लपवावं असंही मला वाटत नाही. आता महिना उलटून गेल्यावर या पुरवणीच्या संपादकांचा निरोप आला, की सोलापुरातला सिनेमाचा सर्वांत मोठा शौकीन गेला, तेव्हा त्यांच्या भाचीने चार गोड शब्द लिहावेत. गोड शब्द थेटरासमोरच्या हॉटेलातल्या मंडळींनी बोलून संपवले आहेत. "असा रसिक पुन्हा होणे नाही," असं म्हणत एकेकाने डोळे पुसले. माझ्याजवळ शिल्लक आहेत ते शब्द गोड नाहीत... छापवत असतील तर छापा.

गणपतमामा मोहोळकडच्या एका खेड्यातून आले आणि इथल्या गिरणीत जॉबर झाले. त्यांच्या हाताखाली खातंभर माणसं. पिवळा फेटा, कानात अत्तराचा फाया आणि काखेत नेहमी घडी घातलेलं वर्तमानपत्र. माझी आई लवकर गेली, तेव्हा त्यांनी मला आपल्या घरी आणलं आणि शाळेत घातलं. पोरीला शाळा कशाला, म्हणून मामीने कटकट केली तेव्हा ते म्हणाले, "शिकू दे की. उपेगी पडतंय." कुणाच्या उपयोगी, ते त्यांनी सांगितलं नाही. मला अक्षरं जुळवता येऊ लागली त्याच आठवड्यात ते मला पहिल्यांदा सिनेमाला घेऊन गेले. मामीच्या हाती देऊन मला वरच्या बायकांच्या सज्ज्यात धाडलं आणि स्वतः खाली, सज्ज्याच्या बरोब्बर पायथ्याशी, एका खांबामागच्या खुर्चीत जाऊन बसले. तिथून अर्धा पडदा दिसत नसे. लोक चेष्टा करायचे, की जॉबरसाहेब पैसे पुरे देतात आणि बाई अर्धी बघतात. मामा म्हणत, तिथं दारातून वारं लागतं.

ते दिवस मूकपटांचे. पडद्यावर माणसं ओठ हलवत, मग काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं उमटत आणि वाचून होतात न होतात तोच निघून जात. खाली पुरुषांत वाचणारे पुष्कळ होते, वर सज्ज्यात जवळजवळ कुणीच नव्हतं. गिरणीतल्या बायका, साखर पेठेतल्या तेलुगू विणकरांच्या बायका, अक्कलकोटकडून माहेरपणाला आलेल्या कानडी लेकी, सगळ्या एकमेकींना विचारत बसायच्या. म्हणून जिला अक्षर येतं अशा पोरीला पुढच्या बाकावर बसवायचं आणि तिने पाटी मोठ्याने वाचायची, अशी रीतच पडली होती. ती पोरगी मी झाले. माझ्यामागे नरसम्मा नावाची एक विणकरीण बसायची. पाटी आली रे आली की माझ्या पाठीत बोट खुपसून ती विचारायची, "एमंदी? एमंदी?" काय म्हणाली, काय म्हणाली! मी सांगायची आणि ती मागच्या रांगांना तेलुगूत पोचवायची.

आता पाट्या लिहिणारे लोक मोठे कंजूस. नायिका पदर खोचून, हात उगारून एवढं बोलते आणि पाटीवर काय, तर 'हाय दैवा!' बायकांचं समाधान होईना, माझंही होईना. मग मी पदरचं घालू लागले. आधी शब्द, मग वाक्य, मग तर जे तिथं नाहीच तेच बोलू लागले. बायका टाळ्या पिटायच्या. एकदा एका सरदाराने नायिकेपुढे दागिन्यांचं ताट धरलं, आणि पाटी आली, 'कदापि नाही!' बस्स. मी वाचलं, "तुझ्या सोन्याच्या ताटात माझा घोडासुद्धा दाणा खाणार नाही!" सज्जा दणाणून गेला. पुढे तो खेळ असेपर्यंत बायका त्या वाक्यासाठी पुन्हा पुन्हा येत होत्या. मला तेव्हा जे वाटलं ते आजवर कशानेही वाटलेलं नाही, शाळेत नोकरी लागली तेव्हाही नाही.

ती नायिका म्हणजे मामांची लाडकी. तिचं नाव देत नाही, ती अजून कामं करते. हॉटेलात तिला घोडेवाली म्हणत. तेव्हा ती नवी होती, उंच गडावरून उड्या टाकायची, चार चार पुरुषांना लोळवायची. हॉटेलात दोन तट होते. मामांचा तट मारधाडीचा, आणि समोर चित्रकलेचे केशव मास्तर, त्यांचा तट देवादिकांच्या आणि घरगुती चित्रांचा. मास्तरांचीही एक नवी नटी होती. ती सोशिक सुनेची कामं करी, तिला मामा 'रडकी' म्हणत. हे वाद प्रेमाने चालत असं आता सगळे सांगतात. साफ खोटं. कपबशा फुटत, एकमेकांच्या आया-बहिणी निघत, आणि एकदा मास्तरांच्या टोपीत कुणीतरी ऊन चहा ओतला होता. घरी जेवताना मामा ती भांडणं आम्हाला पुन्हा करून दाखवत. एका दुपारी ताटावरच गरजले, "मी म्हनलं मास्तरला, तुजी रडकी जल्मात असं बोलंल का? 'तुज्या सोन्याच्या ताटात माजा घोडा बी दाना खानार न्हाय!' ह्येला म्हंत्यात बाई!"

माझ्या हातातला घास तसाच राहिला. ते वाक्य पाटीवर नव्हतं. ते फक्त माझ्या तोंडून निघालं होतं... तेव्हा मला कळलं, मामा पाटी वाचत नव्हते. त्यांना वाचताच येत नव्हतं. काखेतलं वर्तमानपत्र शोभेचं होतं, वारा थापेचा होता, आणि ती खुर्ची माझ्या आवाजाखाली मांडलेली होती. घोडेवालीच्या ज्या ज्या बोलण्यावर त्यांनी सारं हॉटेल डोक्यावर घेतलं होतं, ते सगळं माझं होतं. खरं सांगते, मला त्यांची लाज वाटली नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला. एवढा रुबाबदार माणूस माझी वाक्यं गावाला ऐकवतो आहे, म्हणून मी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मास्तर मात्र हटून बसले. असली पाटीच नाही म्हणाले. हॉटेलचा रिवाज असा, की वाद मिटला नाही तर दोन्ही तटांनी मिळून तोच खेळ पुन्हा बघायचा. रविवारी सगळे आले. मी वर होतेच. दागिन्यांचं ताट पुढे आलं, पाटी आली, आणि मी माझं वाक्य म्हटलं. सज्ज्यातल्या बायका त्याच्यासाठीच आल्या होत्या, त्यांना 'कदापि नाही' कुणी सांगायचं? खालून मामा ओरडले, "ऐकलंस का मास्तर? ऐकलंस का न्हाय?"

पडद्यापुढे बसून पेटी वाजवणाऱ्याचाही हात क्षणभर थांबला. मग मास्तर शांतपणे म्हणाले, "ऐकलं? मूकपटात ऐकलं, जॉबरसाहेब? पाटी वाचा की. काय लिहिलंय?" मामांनी फेटा सारखा केला. मास्तरांनी पुन्हा विचारलं, आणखी मोठ्याने. सगळं थेटर हसलं. सज्ज्यातल्या बायकासुद्धा हसल्या. मला मास्तरांच्या डोक्यात बाक घालावासा वाटला. तेराव्याला हेच मास्तर सर्वांत जास्त रडले.

त्या हसणाऱ्यांत एक परका माणूस बसला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पत्ता काढत आमच्या घरी आला. एका फिल्म कंपनीचा माणूस. बोलपट सुरू होत होते, आणि कंपन्यांची मोठी पंचाईत झाली होती. ज्या नट्यांच्या नावावर गर्दी होई त्यांना धड मराठी बोलता येत नव्हतं. तो मामांना म्हणाला, "काल सज्ज्यातून वाचत होती ती मुलगी आम्हाला हवी आहे. असा आवाज आणि अशी जीभ आम्ही गावोगाव शोधतोय. घरच्यांनी सोबत यावं, आम्ही सगळी व्यवस्था करू." मी स्वयंपाकघरात होते, हातात चहाचं तबक. माझं सगळं आयुष्य त्या एका दारापलीकडे येऊन बसलं होतं. मी पाऊल उचललं तर मामीने माझा दंड धरला. तिच्या बोटांचे वळ दोन दिवस राहिले.

मामा म्हणाले, "ती व्हय? ती आमची न्हवं. शेजाऱ्याची हुती. बार्शीला दिली की तिला."

तो माणूस हळहळत निघून गेला. चहा गार झाला. मी बाहेर येऊन विचारलं, "मामा, तुमीच म्हंता ना, चांगल्या घरच्या पोरी सिनेमात पायजेत, तवा ह्यो धंदा सुधरंल?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "घोडेवाली बगायला बरी असती," म्हणाले. "घरातली पोर कुनी घोड्यावर बसवत न्हाय." आदल्या दिवशीच्या अपमानाचं उट्टं त्यांनी माझ्यावर काढलं, असं मी तेव्हा धरलं. आजही धरते.

त्यानंतर मी सिनेमाला जाणं सोडलं नाही. मी वाचणं सोडलं. पुढच्या बाकावर बसायची, पाटी यायची, नरसम्मा पाठीत बोट खुपसायची, "एमंदी?" आणि मी तोंड मिटून समोर बघत राहायची. त्या बिचाऱ्या बायकांनी माझं काय केलं होतं? पण मला खालच्या एका माणसाला अंधारात ठेवायचं होतं. मामांना कथाच कळेना. हॉटेलात ते एकेक वाद हरू लागले, खलनायकाला नायिकेचा भाऊ समजू लागले. घरी येऊन ताटावर गप्प जेवत. "वाच" असं त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही. त्यांनी मागितलं असतं तरी मी दिलं नसतं, हे त्यांना माहीत असावं. मग बोलपट सर्रास झाले आणि पाट्या संपल्या. त्यात घोडेवाली पहिल्यांदा तोंड उघडून बोलली ती अशी, की हॉटेलात हशा पिकला. मी मुद्दाम मामांपुढे तिची नक्कल केली. ते उठून गेले. पुढची सगळी वर्षं आम्ही भांडलो ते फक्त सिनेमावरून. कुठली नटी चांगली, कुठली पुढे येणार, मारधाड बरी की घरगुती चित्रं बरी. त्यांना जी आवडे तिच्या मी चिंध्या करी. बार्शीचं नाव दोघांपैकी एकानेही काढलं नाही.

शेवटची भेट ते जाण्याच्या थोडे दिवस आधीची. गिरणीतल्या कापसाने त्यांची छाती भरली होती, चार शब्दांमागे दम लागत होता. तरी बोलले सिनेमावरच. "ह्या नव्या बाया... लई बोलत्यात. पन एक बी तुज्यावानी बोलत न्हाय." इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी म्हणाले, "मग त्या कंपनीच्या माणसाला बार्शीची थाप का मारलीत, मामा?" त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि मी शाळेची वेळ झाली म्हणून उठले.

तेरावा झाल्यावर एकदा मी एकटीच थेटरात गेले. हल्ली बायका खालीही बसतात. मी सरळ त्या खांबामागच्या खुर्चीत जाऊन बसले. म्हातारा डोअरकीपर हुसेनचाचा लगबगीने आला. "बाई, हितं कुच दिसता नै." मी म्हटलं, माहीत आहे. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "तुमे पढना बंद करे ना, तब मैं जॉबरसाब कू बोल्या, सामने की कुर्सी खाली हय, उदर बैठो. बोले, नको रे. एकाद दिन पढेगी वो." मी विचारलं, "आणि बोलपट आल्यावर?" चाचा म्हणाला, "तब बी हितंच. आखिर तक."

हे ऐकून माझा राग निवला असं कुणी समजू नये. उलट दुणावला. या माणसाला तो आवाज एवढा हवा होता, आणि तो दुसऱ्या कुणाला ऐकू द्यायचा नव्हता... त्या खुर्चीत मला रडू आलं, ते संतापाने आलं.

खेळ सुरू झाला. हल्लीही सुरुवातीला एखादी पाटी येते, कुठलं राज्य, कुठला काळ, असं सांगणारी. खांबाने तिचा अर्धा भाग खाल्ला होता. वर सज्ज्यात कुणीतरी भाजक्या शेंगा फोडत होतं, ते अगदी माझ्या कानाशी ऐकू येत होतं. आणि वरूनच एका म्हाताऱ्या बाईने शेजारणीला विचारलं, "एमंदी?" शेजारीण शेंगाच फोडत राहिली.

मी वाचलं. दिसत होती तेवढी अर्धी पाटी, आणि उरलेली अर्धी पदरची. चांगलं मोठ्याने वाचलं. पुढचे लोक वळून बघू लागले तरी थांबले नाही. इतकी वर्षं मी तोंड मिटून बसले होते ते मामांच्या कानावर पडू नये म्हणून. आता ती धास्ती राहिली नव्हती.